कुत्र्याला खाज सुटली की सेट्रिझिन द्यावी का?

पावसाळा सुरू झाला की कुत्रे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "आमचा लॅब्रा दिवसभर खाजवतोय, काय देऊ?" पाच मिनिटांत उत्तरही येतं: "सेट्रिझिन दे, आम्ही तीच देतो." गोळी घरात असते, स्वस्त असते, माणसाला चालते. मग कुत्र्याला का नको?

थोडक्यात सांगायचं तर, निव्वळ सेट्रिझिनने कुत्र्याला सहसा अपाय होत नाही, पण त्याची खाजही बहुतेक वेळा थांबत नाही. आणि पाकिटावर सेट्रिझिनसोबत आणखी एखाद्या औषधाचं नाव असेल, तर तीच गोळी जिवावर बेतू शकते.

हिस्टामिन करतं काय?

त्वचेत, फुप्फुसांत, आतड्यांच्या अस्तरात 'मास्ट' नावाच्या पेशी पहाऱ्यावर असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिनच्या पुड्या भरलेल्या असतात. मधमाशी चावली किंवा ॲलर्जीचा पदार्थ अंगात गेला की या पुड्या फुटतात. सुटलेलं हिस्टामिन रक्तवाहिन्यांवरच्या रिसेप्टरला चिकटतं, वाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी झिरपतं, कातडी सुजते आणि खाजते. आपण याला अंगावर पित्त उठणं म्हणतो. यकृतातल्या पित्ताचा त्यात काही हात नसतो, हे जाता जाता.

सेट्रिझिन किंवा एव्हिलसारखी औषधं सुटलेलं हिस्टामिन नष्ट करत नाहीत. ती रिसेप्टरची जागा अडवतात. त्यामुळे रिॲक्शन येण्याआधी दिली तर जास्त उपयोगी, सूज चढल्यावर दिली तर कमी. ही झाली एच-१ रिसेप्टरची गोष्ट. जठरात एच-२ रिसेप्टर असतात. ते आम्ल वाढवतात आणि फॅमोटिडीनसारखी औषधं त्यांना अडवतात. कुत्र्यांना मास्ट पेशींचीच गाठ होते तेव्हा पशुवैद्यक अनेकदा ही दोन्ही प्रकारची औषधं देतात, कारण गाठीतून सुटणारं हिस्टामिन पोटात अल्सरसुद्धा करू शकतं.

मग खाज का थांबत नाही?

कारण कुत्र्याच्या जुनाट खाजेत हिस्टामिनचा वाटा छोटा आहे. ॲलर्जीच्या त्वचारोगात खाजेचा निरोप मेंदूकडे नेणारा एक मुख्य दूत वेगळाच आहे, इंटरल्युकिन-३१ नावाचं प्रथिन. सेट्रिझिनला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याच्यावर काम करणारी औषधं अलीकडची आहेत. ऑक्लासिटिनिबच्या गोळीला अमेरिकेत २०१३ मध्ये मंजुरी मिळाली, तर लोकिव्हेटमॅब हे इंजेक्शन थेट त्या प्रथिनालाच पकडतं.

"पण आमच्या कुत्र्याला फरक पडला," असं सांगणारे असतातच. जुन्या अँटिहिस्टामिन गोळ्यांनी झोप येते आणि झोपलेला कुत्रा कमी खाजवतो. शिवाय अनेकदा मूळ कारण ॲलर्जी नसून गोचीड, पिसवा किंवा खरूज असते. तिथे गोळी देणं म्हणजे आठवडाभर वेळ घालवणं.

प्राण्यागणिक दूत बदलतो

पहिलं अँटिहिस्टामिन १९३७ मध्ये पॅरिसमध्ये डॅनिएल बोव्हे आणि ॲन-मरी स्टॉब यांनी शोधलं, ते गिनीपिगवर प्रयोग करून. गिनीपिग हा हिस्टामिनला कमालीचा हळवा प्राणी, जरा जास्त झालं की त्याच्या श्वासनळ्या आवळतात. त्याच्यात औषध लगेच लागू पडलं. (माणसासाठी मात्र ते पहिलं रसायन फार विषारी होतं. पुढची औषधं त्यावरून सुधारत आली. बोव्हे यांना १९५७ मध्ये नोबेल मिळालं.) पण सगळे प्राणी गिनीपिग नसतात.

उंदराच्या मास्ट पेशींत हिस्टामिनबरोबर सेरोटोनिनही असतं. गाईम्हशींच्या तीव्र रिॲक्शनमध्ये सेरोटोनिन, ल्युकोट्राइन आणि कायनिन हे दूत पुढे असतात, हिस्टामिन मागे. म्हणून गाईला नुसतं एव्हिल टोचून निश्चिंत होता येत नाही. जर्सी गाईंमध्ये तर एक चमत्कारिक ॲलर्जी आढळते, स्वतःच्याच दुधाची! धार काढायला उशीर झाला किंवा गाय आटवायला घेतली की कासेत कोंडलेल्या दुधातलं केसीन रक्तात शिरतं आणि अंगावर गांधी उठतात. त्यावरचा पहिला उपाय म्हणजे ताबडतोब धार काढणं.

तीव्र रिॲक्शनचा तडाखाही प्रत्येकाला वेगळ्या जागी बसतो. कुत्र्यात तो मुख्यतः यकृत आणि आतड्यांवर येतो, मांजरात फुप्फुसांवर. त्यामुळे मधमाश्या चावल्यावर कुत्र्याला धाप लागलेली नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. अचानक उलटी, जुलाब, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, पाय लटपटणं ही त्याच्या शॉकची लक्षणं आहेत. अशा वेळी जीव वाचवणारं औषध ॲड्रेनलिन असतं, ते इंजेक्शनने आणि लगेच द्यावं लागतं. गोळी विरघळायची वाट पाहू नका, दवाखाना गाठा.

मांजर आणि भुकेचं सिरप

लहान मुलांना भूक लागावी म्हणून दिलं जाणारं सायप्रोहेप्टाडिन आठवतंय? ते हिस्टामिन आणि सेरोटोनिन दोन्हींना अडवतं. मांजरांचे डॉक्टर तेच औषध मांजराची भूक वाढवायला वापरतात. हा प्रकार वाटतो तितका किरकोळ नाही. लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून दगावू शकतं. कुत्र्याने मालकाच्या डिप्रेशनच्या गोळ्या खाल्ल्या आणि सेरोटोनिन वाढून थरथर, ताप, बेचैनी सुरू झाली, तर तिथेही हेच औषध कामी येतं. पण मुलांचं सिरप मनाने पाजू नका. काही गोड सिरपांत झायलिटॉल असतं आणि त्याने कुत्र्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते.

पाकिटाची मागची बाजू

खरा धोका इथे आहे. सर्दीच्या अनेक गोळ्यांत सेट्रिझिनबरोबर पॅरासिटामॉल आणि फेनिलेफ्रिन असतं. नावात फक्त 'कोल्ड' किंवा 'प्लस' दिसतं. पॅरासिटामॉल निकामी करून बाहेर टाकायची व्यवस्था मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. एक ५०० मिलिग्रॅमची गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसतात, तोंड आणि पंजे सुजतात. ॲसिटिलसिस्टिन हा उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तरच. फेनिलेफ्रिन आणि त्याचा भाऊबंद स्युडोएफेड्रिन कुत्र्याच्या हृदयाची धडधड आणि रक्तदाब वाढवतात.

गोळी आधीच दिली असेल तर उलटी करवायला मीठ-पाणी पाजू नका, त्याचं वेगळंच संकट उभं राहतं. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढा, किती गोळ्या आणि कधी दिल्या ते लिहा, प्राण्याचं वजन सांगा आणि पशुवैद्यकाला फोन लावा. पाकीट सोबत घेऊनच निघा.