घाणेरीच्या जाळीतली गोष्ट

सिडनीत आमच्या घरामागे ओढा आहे. शनिवारी सकाळी आम्ही चार-पाच शेजारी हातमोजे घालून तिथली घाणेरी तोडायला जातो. वाईला आजोळी कुंपणाला होती तीच ही, गुलाबी-पिवळ्या फुलांच्या झुबक्यांची. कुणी तिला टणटणी म्हणतं, इथे लँटाना म्हणतात. एक फांदी ओढावी तर भलतीकडच्याच चार हलतात. फांदी ओल्या मातीला टेकली की तिथेच नवी मुळं धरते.

रे लॉरेन्स यांच्या २००१ सालच्या ‘लँटाना’ सिनेमाचा कॅमेरा सुरुवातीलाच या जाळीत शिरतो. किड्यांची किरकिर, आणि आत अडकलेलं एका बाईचं प्रेत. मग चार संसार एकमेकांत असे गुंततात की कुठला धागा कुणाचा हे शोधत आपण पुढे सरकत राहतो. अँड्र्यू बोव्हेल यांनी ही पटकथा आपल्याच ‘स्पीकिंग इन टंग्ज’ या १९९६ च्या नाटकावरून लिहिली. नाटकाच्या आरंभी एकाच रंगमंचावर मोटेलच्या दोन खोल्या, दोन जोडपी, आणि चौघं एकाच वेळी बोलतात; मधूनच दोन्ही खोल्यांत तेच वाक्य उमटतं.

असं लिहायला शिकवता येतं का? ज्यांनी ते शिकवलं, त्या लिंडा अ‍ॅरनसन याच देशातल्या. त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, याची मला मनापासून खंत आहे.

पटकथेचं शिक्षण म्हटलं की सिड फील्ड. त्यांचं ‘स्क्रीनप्ले’ १९७९ साली अमेरिकेत आलं: एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, १२० पानांची पटकथा, ३०-६०-३० अशी तीन अंकांत विभागलेली, आणि अंक संपताना कलाटणी. हे सोपं होतं, उपयोगीही होतं, म्हणून जगभर पसरलं. त्याच वर्षी मेलबर्नमधल्या एका ग्रीक टॅक्सीवाल्याची गोष्ट सांगणारा, पॉल कॉक्स यांचा ‘कोस्टास’ आला. त्याच्या लेखिका अ‍ॅरनसन. परक्या देशात आलेल्या माणसाच्या मनात दोन गावं एकदमच चालू असतात, हे स्थलांतरितांच्या या देशात वेगळं सांगावं लागत नाही.

या देशाचं सिनेमाशी नातं जुनं आहे. ‘द स्टोरी ऑफ द केली गँग’ हा तासाभराहून लांब कथापट २६ डिसेंबर १९०६ ला मेलबर्नमध्ये दाखवला गेला, ‘राजा हरिश्चंद्र’च्या सहा वर्षांहून अधिक आधी. पुढे परदेशी चित्रपटांच्या रेट्यात इथलं कथापटांचं काम जवळजवळ थांबलं. १९७३ साली सरकारी फिल्म स्कूल उभं राहिलं, तेव्हा पहिले संचालक म्हणून येर्झी टोप्लिट्झ आले. पोलंडमधल्या वूच फिल्म स्कूलचे ते रेक्टर होते. १९६८ च्या राजकीय वावटळीत ते पद गेलं होतं. पहिल्या तुकडीत बारा विद्यार्थी, त्यांत जिलियन आर्मस्ट्राँग आणि फिलिप नॉइस. २००० साली अ‍ॅरनसन यांचं ‘स्क्रिप्टरायटिंग अपडेटेड’ याच स्कूलच्या सहभागाने निघालं, आणि २०१० मध्ये ‘द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्क्रीनप्ले’.

त्यांनी तीन अंक मोडीत काढले नाहीत, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्या म्हणतात त्याचा मथितार्थ असा: गोष्टी अनेक असतील तर प्रत्येकीला तिचे तीन अंक हवेत, आणि एकीतून दुसरीत उडी मारायची ती पहिलीचा ताण शिगेला असताना. समांतर गोष्टींची त्यांनी जातवारी लावली. फ्लॅशबॅकमध्येही भेद केले. ‘शाइन’मध्ये अपुऱ्या राहिलेल्या स्वप्नाचा माग आहे, ‘सिटिझन केन’मध्ये एका माणसाचं कोडं बाहेरून सोडवलं जातं. दोन्हींत भूतकाळच आहे, पण त्याच्याकडे जाण्याची वाट निराळी.

वाचताना मला आजोबांचं कीर्तन आठवत राहिलं. पूर्वरंगात अभंग घ्यायचा, त्याचं निरूपण करायचं. मध्ये नामाचा गजर, बुवांना बुक्का आणि हार. मग उत्तररंगात आख्यान, अगदी निराळ्या माणसांचं. आणि आख्यान ऐन रंगात आलं की आजोबा मूळ अभंगाच्या चरणावर अलगद परत येत. तिथे आजीचे डोळे दर वेळी भरत.

सध्या मी दोन बहिणींवर पटकथा लिहिते आहे. एक साताऱ्यात, एक पॅरामॅटात. जेवणाच्या टेबलावर प्रसंगांचे पत्ते मांडलेत, साताऱ्याचे पिवळे, इकडचे निळे. गेले दोन महिने काहीतरी अडत होतं. परवा सगळे पिवळे पत्ते वेगळे काढून ओळीने लावले. आठच निघाले. फोन उचलणं, पार्सल बांधणं, आईला दवाखान्यात नेणं, पुन्हा फोन. तिला स्वतःला काय हवं होतं ते एकाही पत्त्यावर नव्हतं. निळे पत्ते तसेच ठेवून मी कोरे पिवळे घेतले आणि पहिल्यावर लिहिलं: ती पासपोर्टचा फॉर्म आणते, कुणाला सांगत नाही.