दोन याद्या आणि एक डिस्क

सर्व्हरची मांडणी आपोआप करणाऱ्या साधनांचा इतिहास बहुधा श्रमबचतीचा इतिहास म्हणून सांगतात. पूर्वी ॲडमिन एकेका यंत्रावर लॉगिन करून फाइली हाताने बदलत असे. मग स्क्रिप्ट आल्या, मग सीएफइंजिन, पपेट, शेफ, अँसिबल आली आणि दिवसाचे काम मिनिटांवर आले, अशी ती गोष्ट. ती खोटी नाही. पण माउंट पॉइंटपुरते, म्हणजे डिस्क जिथे जोडली जाते त्या जागेपुरते, पाहिले तर ती अपुरी पडते, कारण इथे श्रम फारसे नव्हतेच: एका फाइलीत एक ओळ लिहायची आणि एक आज्ञा द्यायची. अडचण निराळीच होती. कोणती डिस्क कुठे जोडली आहे, या साध्या प्रश्नाला युनिक्समध्ये फार लवकर एकाहून अधिक उत्तरे तयार झाली आणि ती एकमेकांशी जुळतीलच याची जबाबदारी कोणावरच नव्हती. स्वयंचलित साधनांनी या विसंगतीच्या प्रत्येक प्रकाराला नाव दिले, हे त्यांचे खरे काम. विसंगती मिटवणे त्यांना जमलेले नाही, आणि ते त्यांच्या हातात होते असेही मला वाटत नाही.

मुळापासून पाहू. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-११ वर युनिक्स उभी केली तेव्हा डिस्का लहान होत्या आणि एकीवर सगळे मावत नव्हते. १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही माउंट ही आज्ञा आहे. १९७४ च्या प्रसिद्ध निबंधात दोघांनी आपल्या यंत्राची मांडणी सांगितली आहे: मूळ डिरेक्टरी एका स्थिर-शीर्ष डिस्कवर, लोकांच्या फाइली दुसऱ्या मोठ्या डिस्कवर, आणि यंत्र सुरू होताना ही दुसरी डिस्क पहिलीच्या झाडावर जोडली जाते. पुढे डॉसने प्रत्येक डिस्कला एकेक अक्षर दिले. युनिक्सने झाड एकच ठेवले. त्यामुळे वापरणाऱ्याला आपली फाइल कोणत्या डिस्कवर आहे हे कळण्याची गरजच उरली नाही. या सोयीची किंमत मात्र होती. फाइलीचा पत्ता डिस्कचे नाव सांगत नसेल, तर ते दुसरीकडे कुठेतरी लिहून ठेवावे लागते. शिवाय डिस्क जोडलेली नसली तरी तो पत्ता चुकीचा ठरत नाही. माउंट पॉइंट ही मुळात एक साधी डिरेक्टरी असते. डिस्क आली नाही तर ती रिकामी दिसते, आणि प्रोग्रॅम बिनधास्त तिच्यात लिहीत राहतो. लिहिलेले सगळे मूळ डिस्कवर जाते. नंतर खरी डिस्क जोडली की ते तिच्याखाली झाकले जाते: पुसले जात नाही, दिसत नाही, जागा मात्र अडवून बसते.

मग नोंदी सुरू झाल्या. माउंट आज्ञा आपण काय जोडले ते एमटॅब नावाच्या फाइलीत लिहू लागली. १९७९ च्या सातव्या आवृत्तीची माहितीपुस्तिका या यादीबद्दल विलक्षण प्रामाणिक आहे: ही यादी केवळ लोकांना पाहता यावी म्हणून आहे, तीत एकच नाव दोनदा आले काय आणि मुळीच सापडले नाही काय, आज्ञांना त्याने फरक पडत नाही, अशा अर्थाचे ती सांगते. म्हणजे कर्नलच्या पोटात एक सत्य आणि फाइलीत त्याची ऐकीव प्रत. १९८० च्या ४.० बीएसडीत तिसरी गोष्ट आली, एफएसटॅब: काय जोडलेले आहे याची नव्हे, तर काय जोडले जावे याची यादी. तिचे शेवटचे दोन रकाने आजच्या लिनक्समध्येही आहेत. एक बॅकअप घेणाऱ्या डंपसाठी, दुसरा बूट होताना एफएससीकेने डिस्का कोणत्या क्रमाने तपासाव्यात यासाठी. हे रकाने पाहिले की एफएसटॅब कोणासाठी लिहिली जात होती ते कळते: यंत्र सुरू होण्याच्या क्षणासाठी. चालू यंत्राशी तिला कर्तव्य नव्हते. शेतजमिनीचे व्यवहार पाहिलेल्या माणसाला हा प्रकार नवा वाटणार नाही. सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची, असे वर्षानुवर्षे चालू शकते, आणि वाद उठेपर्यंत कोणाचे काही अडत नाही. सर्व्हरच्या बाबतीत वाद उठतो तो रीबूटच्या वेळी. कोणीतरी सहा महिन्यांपूर्वी हाताने जोडलेली आणि नोंदवायची राहिलेली डिस्क त्या दिवशी नाहीशी होते.

एका यंत्रावर हे सांभाळता येत होते. १९८० च्या दशकात सन या कंपनीने नेटवर्कवरून फाइली पुरवणारे एनएफएस आणले आणि डिस्क एका यंत्रात, तर माउंट पॉइंट दुसऱ्या शंभर यंत्रांवर अशी स्थिती आली. एमआयटीच्या अथीना प्रकल्पाने कोणाचे घर कोणत्या सर्व्हरवर आहे हे हेसिऑड या मध्यवर्ती सेवेला विचारण्याची सोय केली. सनच्या ऑटोमाउंटरने पत्त्याला हात लागताच जोडणी करण्याची युक्ती काढली. दोन्ही उपाय हुशार होते, पण ते घरच्या डिरेक्टऱ्यांसारख्या ठरावीक साच्यातल्या कामांपुरते. १९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस या भौतिकशास्त्रज्ञाने सीएफइंजिन लिहिले ते निरनिराळ्या कंपन्यांची युनिक्स यंत्रे एकत्र नांदवण्यासाठी. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमधला कामांचा क्रम वाचण्याजोगा आहे. त्यात सगळे माउंट कर, माउंटची माहिती घे, नको ते काढ, नवे माउंट जोड अशी स्वतंत्र पावले आहेत. आज ज्याला कॉन्फिगरेशन व्यवस्थापन म्हणतात त्याच्या पहिल्या महत्त्वाच्या साधनात माउंटला इतकी जागा होती, हे सहसा विसरले जाते. आणि माहिती घेण्याचे पाऊल वेगळे आहे, हे तर जास्तच बोलके. फाइलीतल्या यादीवर विसंबून चालणार नाही, आधी प्रत्यक्ष काय आहे ते पाहावे लागेल, हे इथे गृहीत धरलेले आहे.

पुढच्या पिढीने हे गृहीत शब्दांत आणले. ल्यूक केनीजच्या पपेटमध्ये (२००५) एकाच माउंटच्या निरनिराळ्या अवस्था सांगता येतात: नोंद हवी आणि जोडणीही हवी, नोंद हवी पण जोडणी जशी आहे तशी राहू दे, नोंद हवी पण जोडणी नको, दोन्ही नकोत. शेफमध्ये (२००९) जोडणे ही एक कृती आणि एफएसटॅबमध्ये नोंदवणे ही दुसरी. काहीच न सांगितल्यास शेफ फक्त जोडतो, नोंदवत नाही. मायकेल डिहानच्या अँसिबलमध्ये (२०१२) ‘ॲब्सेंट’ म्हटले की नोंद जाते, जोडणी सुटते आणि माउंट पॉइंटची डिरेक्टरीसुद्धा काढली जाते, हे न वाचता तो शब्द वापरणारा दचकतो. एवढी बारीक शब्दावली कोणी हौसेने बनवत नाही. नोंद आणि जोडणी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे मान्य केल्याशिवाय अशी साधने लिहिताच येत नाहीत.

यावर जुन्या ॲडमिनचा आक्षेप असतो की हे सगळे दहा ओळींच्या शेल स्क्रिप्टमध्येही होत होते. होत होते, एकदा. एफएसटॅबच्या शेवटी ओळ चिकटवणारी स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली की तीच ओळ दोनदा येते. ते टाळायला आधी शोधावे लागते, ओळ जुन्या पर्यायांसह सापडली तर बदलावी लागते, बदलल्यावर पुन्हा माउंट करावे लागते, आणि इथवर आल्यावर तुम्ही पपेटच लिहीत असता. सीएफइंजिनची मूळ कल्पना, कितीही वेळा चालवले तरी यंत्र त्याच अवस्थेकडे जावे ही, स्क्रिप्टच्या लांबीने मोजता येत नाही. आक्षेपाचा दुसरा भाग मात्र मला पटतो: साधनाला दिसते ते मर्यादितच. माउंट पॉइंटच्या डिरेक्टरीत आधी फाइली ठेवल्या आणि मग डिस्क जोडली, तर दोन्ही पावले यशस्वी म्हणून नोंदली जातात आणि फाइली झाकल्या जातात. पपेट वरच्या माउंटआधी खालचा जोडत नाही, एवढी काळजी घेतो; पण त्या डिस्कवर योग्य माहिती आहे का, हे त्याला कसे कळावे?

दुसरा आक्षेप काळाचा आहे. सिस्टमडी आले, कंटेनर आले, क्लाउड आले. आता एफएसटॅब कोण लिहितो? लिहितात. २०१० मध्ये जाहीर झालेले सिस्टमडी बूट होताना एफएसटॅब वाचूनच स्वतःची माउंट युनिट तयार करते. उलट चुकीची किंमत वाढली: ‘नोफेल’ न लिहिलेली एखादी डिस्क सापडली नाही तर वाट पाहून यंत्र इमर्जन्सी मोडमध्ये थांबते, आणि एकच चुकीची ओळ अँसिबलने दोनशे सर्व्हरवर पोचवली असेल तर दोनशे सर्व्हर थांबतात. कंटेनरांनी तर प्रश्न आणखी खोल नेला. लिनक्सच्या २.४.१९ या कर्नलपासून (२००२) माउंटची यादी यंत्राची न राहता प्रक्रियांची झाली. दोन प्रक्रियांना एकाच पत्त्यावर दोन निराळ्या डिस्का दिसू शकतात. त्यानंतर एमटॅब ही फाइल हळूहळू संपली आणि कर्नलच्या यादीकडे बोट दाखवणारी लिंक तेवढी उरली. एक ऐकीव प्रत गेली हे चांगलेच झाले, पण आता कर्नलला विचारले तरी ‘कोणासाठी?’ असा उलटा प्रश्न येतो. कुबर्नेटीसमध्ये जवळजवळ प्रत्येक वस्तूला हवे ते आणि आहे ते असे दोन भाग असतात, आणि पर्सिस्टंट व्हॉल्यूमही त्याला अपवाद नाही.

सिस्टमडीने केलेली एक सोय मला या सगळ्यात जास्त विचारी वाटते. एखाद्या सेवेच्या युनिट फाइलीत ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ लिहून पत्ता दिला, तर त्या पत्त्यासाठी लागणारी माउंट युनिट जोडली गेल्याशिवाय ती सेवा सुरूच होत नाही. डेटाबेस रिकाम्या डिरेक्टरीत नवा संसार मांडत नाही. इथे नोंद डिस्कच्या बाजूने नाही, डिस्कवर अवलंबून असणाऱ्याच्या बाजूने केली आहे. अर्थात त्या पत्त्याचे माउंट युनिट कुठे घोषितच नसेल तर ही ओळही काही करू शकत नाही, आणि ती ओळ लिहायची की नाही हे पपेट किंवा अँसिबल ठरवत नाही.