बी, काडी आणि नर शोधणारा माणूस

२०१९ च्या मार्चमधली गोष्ट. मी तेव्हा प्रोजेक्टच्या निमित्ताने केंटकीतल्या लुईव्हिलला होतो. एका शुक्रवारी टीममधल्या कलीगने जेवताना विचारलं, "तुझं एक्सेल चांगलं आहे ना?" त्याच्या सासऱ्यांची तंबाखूची शेती. तंबाखूला भाव उरला नव्हता. आदल्या डिसेंबरात अमेरिकेच्या नव्या शेती कायद्याने हेम्पवरची बंदी उठवली होती, आणि दहा एकरांवर हेम्प लावायचं असं घरात ठरलं होतं. अडलं होतं एकाच ठिकाणी. बी पेरायचं की क्लोन आणायचे? म्हणजे आपल्या भाषेत, बियांपासून रोपं की काडीपासून रोपं?

माझा तो विकांत या एक्सेलमध्ये गेला, आणि पुढचे कित्येक विकांत त्यामागचा इतिहास वाचण्यात. तुम्ही म्हणाल, कोड लिहिणाऱ्याला हे धंदे कोणी सांगितले? पण वाचत गेलो तर प्रकरण फारच रंगलं, आणि चक्क आपल्या दिल्लीपर्यंत येऊन पोचलं.

आधी नावाचा घोळ. इंग्रजीत 'हेम्प' हा शब्द कुठल्याही वाखाला लावतात. 'सन हेम्प' म्हणजे आपला ताग, 'डेक्कन हेम्प' म्हणजे अंबाडी. इथलं हेम्प म्हणजे मात्र अस्सल भांगेचं झाड, फक्त नशेचा अंश जवळजवळ नसलेलं. अमेरिकन कायद्याने रेघ मारली ती टीएचसी या द्रव्याच्या ०.३ टक्क्यांवर. ही रेघही मजेशीर आहे. १९७६ मध्ये अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉनक्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी ती आखली, आणि हा आकडा आपण आपल्या मनाने ठरवलाय हे त्याच वेळी कबूलही केलं. पुढे तीच रेघ कायद्यात जाऊन बसली. एखाद्याने तात्पुरता टाकलेला कॉन्स्टंट वर्षानुवर्षं प्रॉडक्शनमध्ये राहतो, तसं.

या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. पराग वाऱ्यावर उडतात आणि मैलोन्मैल जातात. वाखासाठी लावलं तर याचं कोणाला सोयरसुतक नसतं. दाट पेरायचं, उंच वाढवायचं, कापायचं. केंटकीत शंभर-दीडशे वर्षं हेच चाललं होतं. तिथलं बी बरंचसं मूळ चीनमधून आलेलं. अमेरिकेच्या कृषी खात्यातला लिस्टर ड्यूई नावाचा माणूस चिनी बियांतून चांगली झाडं निवडत, त्यांचंच बी परत पेरत वर्षानुवर्षं बसला आणि त्यातून त्याने 'किमिंग्टन'सारख्या जाती तयार केल्या. त्याची शेतं वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनला होती. आज त्या भागात पेंटॅगॉन उभं आहे.

१९३० च्या दशकात ते काम बंद पडलं. महायुद्धात १९४२ साली सरकारने 'हेम्प फॉर व्हिक्टरी' नावाचा प्रचारपट काढून शेतकऱ्यांना पुन्हा हेम्प लावायला सांगितलं, पण युद्ध संपलं आणि सगळं थंडावलं. बी म्हणजे काही लोणचं नव्हे, बरणीत ठेवलं आणि मुरलं. दर काही वर्षांनी ते पेरून नवं करावं लागतं. कोणी केलं नाही. ड्यूईच्या डायऱ्या २०१० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात जुन्या सामानाच्या विक्रीत सापडल्या. डायऱ्या राहिल्या, बी गेलं. म्हणूनच २०१४ मध्ये केंटकीने प्रायोगिक लागवड करायचं ठरवलं तेव्हा बी इटलीहून मागवावं लागलं. ते २५० पौंड बी लुईव्हिलच्या विमानतळावर अमली पदार्थ खात्याने अडकवून ठेवलं. राज्याच्या कृषी खात्याने थेट कोर्टात खटला भरल्यावर ते सुटलं. त्या वर्षी अख्ख्या राज्यात लागवड झाली जेमतेम ३३ एकर.

आणि २०१९ मध्ये? साडेसव्वीस हजार एकरांच्या आसपास. पण हे पीक मुळातच निराळं होतं. लोकांना वाख नको होता. हवं होतं सीबीडी, म्हणजे मादीच्या फुलांतलं औषधी द्रव्य. नराचा पराग लागला की मादी बी धरते, फुलात बियाच बिया होतात आणि द्रव्य घटतं. थोडक्यात, शेतात नर नको.

इथे मला एकदम नौगाव भेटलं. बंगालमधल्या राजशाही जिल्ह्यातलं (आता बांगलादेशात) नौगाव म्हणजे इंग्रजी अमदानीत गांजाच्या सरकारमान्य शेतीचं मोठं केंद्र. आपल्याकडे नगर जिल्ह्यातही ही शेती होत असे. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनच्या काळात डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने नौगावच्या शेतीवर सविस्तर अहवाल लिहिला. नौगावचा शेतकरी बीच पेरत असे, म्हणजे निम्मी झाडं नर येणार हे ठरलेलं. मग त्यासाठी खास माणूस बोलवायचा. त्याला पोद्दार किंवा परखदार म्हणत, आणि इंग्रज त्याला 'गांजा डॉक्टर' म्हणत. हा माणूस फुलं उमलण्याआधी ओळीओळीतून फिरायचा, झाड निरखायचा आणि नर मोडून पुढे जायचा. शेतकऱ्याचं वर्षाचं उत्पन्न त्याच्या नजरेवर. टेस्टिंग टीमला मान देणारी एवढी जुनी संस्था दुसरी माझ्या पाहण्यात नाही :)

परखदाराला पर्याय निघाला तो दिल्ली विद्यापीठात. प्रा. एच. वाय. मोहन राम यांची प्रयोगशाळा झाडांमध्ये नर-मादी कशामुळे ठरतं याचा अभ्यास करत होती. १९७० मध्ये तिथल्याच संशोधनातून दिसलं, की इथेफॉन दिल्यावर भांगेच्या नर झाडावर मादी फुलं येतात. (इथेफॉन म्हणजे आपल्या डाळिंबवाल्यांचं इथ्रेल, बहार धरण्यापूर्वी पानगळीला मारतात तेच.) आणि १९८२ मध्ये मोहन राम आणि आर. सेट यांनी उलटं करून दाखवलं. मादी झाडावर चांदीचे क्षार वापरले, तर चांदी इथिलीनचं काम अडवते आणि मादीलाच परागवाली नर फुलं येतात. मादीच्या अंगात नराचं गुणसूत्र नसतंच, त्यामुळे त्या परागातून येणारी प्रजा सगळी मादी. 'फेमिनाइज्ड' बी म्हणून जे जगभर विकलं जातं, त्यामागची ही युक्ती. केंटकीच्या धान्याच्या दुकानात कोणाला दिल्लीचं नाव माहीत असेल असं वाटत नाही.

तर एक्सेलकडे. एकरी दीड हजार झाडं, दहा एकर, पंधरा हजार झाडं. फेमिनाइज्ड बी साधारण डॉलरला एक. क्लोनचा भाव चार डॉलर. पंधरा हजार विरुद्ध साठ हजार. क्लोन मादीच्या काडीपासून वाढवलेला, म्हणजे नर येण्याची भीती नाही. सगळी झाडं तंतोतंत सारखी, म्हणजे एका झाडाची तपासणी केली की शेत कळलं, आणि ०.३ टक्क्यांची टांगती तलवार डोक्यावर असताना हे लहानसहान नाही. कारण सीबीडी भरत जातं तसं टीएचसीही त्याच प्रमाणात वाढतं. कॉर्नेलमधल्या अभ्यासांनी पुढे दाखवलं, की हे झाडाच्या जनुकांतच असतं, ऊन-पाण्याच्या ताणाने फारसं बदलत नाही. सुटका एकच, योग्य दिवशी कापणं. बियांच्या शेतात प्रत्येक झाडाचा दिवस थोडा वेगळा.

मला क्लोनच बरे वाटत होते. मग मी सांगोल्याला मामाला फोन लावला. त्याची डाळिंबाची बाग होती, गुटीच्या रोपांची.

"मामा, तू काय घेतलं असतंस?"

"अरे, काडीचं रोप म्हणजे आईची तब्येत पोराला," मामा म्हणाला. "माझी बाग तेल्यानं गेली ती रोपातनंच आलेली. पाच एकर उपटली. झाड बघू नकोस, रोपवाटिका बघायला सांग."

त्याच सुमारास अमेरिकेतल्या लागवडीत क्लोनमधून पसरणारा हॉप लेटंट नावाचा व्हिरॉइड ओळखला गेला. रोप वरून धडधाकट, पण माल निम्मा. शिवाय काडीच्या रोपाला सोटमूळ नसतं, वादळात आडवं होतं. आणि तयार क्लोन दुकानात राहत नाहीत. ठरल्या दिवशी लावलेच पाहिजेत, मग शेतात चिखल असो.

सासऱ्यांनी बी घेतलं. माझ्या एक्सेलपेक्षा पंचेचाळीस हजार डॉलरच्या फरकाने ते ठरवलं असणार. विकणाऱ्याने सांगितलं होतं, हजारोंत एखादा नर. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कलीगचा मेसेज आला, दोनशे झाडांमागे तीन-चार सापडतायत. माझ्या शीटमध्ये नर शोधण्याच्या मजुरीचा कॉलमच नव्हता. सासरे, सासू, कलीग, त्याची दोन मुलं, सगळे रोज सकाळी ओळी धरून चालत होते. पानाच्या बेचक्यात गोल गाठ दिसली की नर, दोन पांढरे तंतू दिसले की मादी. कलीगने फोटो पाठवला. सत्तरीचे सासरे, डोक्यावर टोपी, हातात उपटलेलं झाड. मी त्याला नौगावच्या परखदाराबद्दल लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "त्याला पैसे तरी मिळायचे."

काही नर सुटलेच. पूर्वेकडच्या दोन एकरांत मादीने बी धरलं. बाकीचा माल बरा आला आणि टीएचसीच्या तपासणीत पासही झाला. पण तोवर सगळ्या देशाने हेम्प लावलं होतं आणि भाव कोसळला होता. तंबाखूच्या कोठारात टांगलेली झाडं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तशीच होती.

२०२० मध्ये मी पुण्याला परत आलो. त्या वसंतात कोठारामागे, सांडलेल्या बियांतून चाळीसेक रोपं आपोआप उगवली होती. एकदम टवटवीत, कलीग म्हणाला. परवान्याचं नूतनीकरण केलं नव्हतं, म्हणून सासऱ्यांनी एका दुपारी ती सगळी उपटून टाकली.