हेल्मेटविरुद्धचा संप आणि बारा वर्षांनंतरचा मृत्यू

१/५
१९९१. फ्रान्समधील प्रतिष्ठित सायकल शर्यत 'पॅरिस-नीस'. जागतिक सायकलिंग महासंघाने हेल्मेटसक्ती आणू पाहिली आणि व्यावसायिक सायकलपटूंनी संपाचे हत्यार उपसले. उकाडा आणि निवडीचे स्वातंत्र्य, ही त्यांची कारणे. महासंघाने माघार घेतली.

२/५
वास्तविक साधन उपलब्ध होते. जुनी चामडी पट्ट्यांची टोपी आघात शोषून घेत नसे. परंतु १९७५ मध्येच अमेरिकेतील 'बेल' कंपनीने कठीण कवच व आत फोमचे अस्तर असलेले सायकल-हेल्मेट बाजारात आणले होते. आघात होताच फोम चेपतो आणि कवटीवरील धक्का सौम्य होतो. मात्र हेल्मेट मापाचे हवे, पट्टा घट्ट हवा.

३/५
१८ जुलै १९९५. 'टूर द फ्रान्स'मध्ये पिरेनीज पर्वताच्या उतारावर १९९२ चा ऑलिंपिक विजेता फाबियो कासार्तेल्ली कोसळला. वय २४. डोक्यावर हेल्मेट नव्हते. तरीही नियम बदलला नाही.

४/५
११ मार्च २००३. पुन्हा तीच 'पॅरिस-नीस'. कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह सहस्पर्धकांशी धडकून डोक्यावर आपटला. त्यानेही हेल्मेट घातले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याचे निधन झाले. वय २९.

५/५
मे २००३ पासून हेल्मेट सक्तीचे झाले. आरंभी शेवटच्या दीर्घ चढावर ते काढण्याची मुभा होती. पुढे तीही संपली. १९९१ मध्ये ज्या शर्यतीत हेल्मेट नाकारले गेले, त्याच शर्यतीतील मृत्यूने ते अनिवार्य केले.