तळटीप १४ : प. कृ. गोडे

१४. परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१). जन्म देवरुखचा. १९१९ पासून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे क्युरेटर. हस्तलिखितांच्या सहवासातून त्यांनी वस्तूंचा आणि तंत्रांचा इतिहास उभा केला: जुन्या ग्रंथांतले उल्लेख कालक्रमाने लावायचे आणि एखादी वस्तू इथे केव्हापासून ठाऊक होती, ते ठरवायचे. चष्म्यावर त्यांनी असेच लिहिले. भारतातील शोभेच्या दारूकामाच्या इतिहासावरील त्यांच्या पुस्तिकेत (१९५३) १४०० ते १९०० हा काळ येतो. गजपती प्रतापरुद्रदेवाच्या ‘कौतुकचिंतामणी’तल्या दारूच्या कृतीही तिथे आहेत. पूर्वीच्या वेल्हे तालुक्यातील राजगडाच्या पद्मावती माचीवरचे दारूकोठार पाहणाऱ्याने ही पुस्तिका आवर्जून वाचावी. कोठाराच्या भिंती दारूची साठवण सांगतात. ती बनवण्याची विद्या पोथ्यांतच शोधावी लागते, आणि ती वाट गोड्यांनी घालून दिली.