वैयक्तिक डॅशबोर्ड (गिटहब)

गिटहब या संकेतस्थळावर सदस्याने प्रवेश करताच दिसणारे, त्याच्याशी संबंधित प्रकल्प व घडामोडी एकत्र मांडणारे पृष्ठ.

लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी लिनक्सच्या विकासासाठी २००५ मध्ये तयार केलेल्या गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत (पहा : गिट) प्रत्येक सहभागी व्यक्तीजवळ आज्ञावलीची इतिहासासह संपूर्ण प्रत राहते; मात्र सुचवलेल्या बदलावर कोणाचा अभिप्राय बाकी आहे, हे दाखवण्याची सोय तीत नव्हती. ही उणीव भरून काढणारे गिटहब २००८ मध्ये खुले झाले आणि २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले.

डॅशबोर्डच्या डाव्या बाजूस सदस्य वारंवार वापरत असलेल्या रिपॉझिटरींची, म्हणजे फाइली व त्यांतील बदलांचा इतिहास साठवणाऱ्या कोठारांची, यादी असते. मध्यभागी त्याने अनुसरलेल्या व्यक्तींच्या व प्रकल्पांच्या घडामोडींचा ओघ दिसतो. इश्यू (त्रुटीची किंवा सूचनेची नोंद) आणि पुल रिक्वेस्ट (केलेला बदल मूळ आज्ञावलीत सामावून घेण्याची विनंती) यांपैकी ज्यांत सदस्याचा सहभाग आहे, त्यांच्याकडेही येथून जाता येते. सार्वजनिक परिचय-पृष्ठ इतरांना पाहता येते, तर डॅशबोर्ड केवळ त्या सदस्यासाठीच असतो. सदस्य एखाद्या संस्थेशी जोडलेला असल्यास त्याला तिच्या स्वतंत्र डॅशबोर्डवर जाता येते.

मुक्तस्रोत प्रकल्पांत (पहा : मुक्तस्रोत आज्ञावली) निरनिराळ्या देशांतील व कालविभागांतील सहभागी एकाच वेळी उपस्थित नसल्याने, मधल्या काळात झालेले काम समजून घेण्यास हे पृष्ठ विशेष उपयोगी पडते.