घाटातला डबल क्लच

आम्हा पनवेलकरांना बोरघाट नवा नाही. १८३० साली, माल्कम गव्हर्नर असताना, तो चाकांच्या गाड्यांना खुला झाला. पुढे ट्रक आले आणि घाट ड्रायव्हरांची शाळाच बनला.

जुन्या गिअरबॉक्सना सिंक्रोमेश नसे. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच, मग गिअर. हाच डबल क्लच. वेळ चुकली की नुसती खरखर, गिअर पडत नाही आणि भरलेली गाडी उतारावर मोकळी सुटते. सतत ब्रेक दाबावा तर ड्रम तापून ब्रेकच लागेनासे होतात. म्हणून गिअर बदलायचा तो उताराआधी.

आता गिअरबॉक्स सुधारले. पण डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्याला घाट आजही माफ करत नाही.